गाडी एक, वापर दोन : किलोमीटरच्या नोंदीचं गणित

आयकराचं विवरणपत्र भरायचे दिवस आले की स्वतंत्र काम करणाऱ्या अनेकांच्या कपाटातून पावत्यांची पिशवी बाहेर निघते. पेट्रोलच्या चिठ्ठ्या, गॅरेजची बिलं, टायरचं बिल, विम्याचा कागद, सगळं त्यात असतं. सीए बेरीज करतात आणि एक साधा प्रश्न विचारतात : "ही गाडी घरच्या कामालाही वापरता ना? मग यातला धंद्याचा खर्च किती?"

पावत्या खऱ्या असतात, पैसेही खरोखर गेलेले असतात. तरी या प्रश्नाचं उत्तर पिशवीत सापडत नाही. पेट्रोलची पावती सांगते की अमुक तारखेला अमुक पंपावर तीस लिटर पेट्रोल भरलं. त्या तीस लिटरवर गाडी चाकणच्या साईटवर गेली की लग्नाला नाशिकला, हे ती सांगू शकत नाही. किती खर्च झाला हे पावतीतून कळतं, कशासाठी झाला हे कळत नाही. हे 'कशासाठी' सांगणारा कागद म्हणजे किलोमीटरची नोंदवही. वीजकामाचे कंत्राटदार, इंटिरिअरची कामं घेणारे, स्ट्रक्चरल इंजिनीअर, यंत्रांची देखभाल करणारे तंत्रज्ञ अशा, स्वतःच्या गाडीने साईटवर जाणाऱ्या प्रत्येकाने या वहीमागचं गणित समजून घ्यावं असं आहे.

कायदा गाडीकडे नाही, फेरीकडे पाहतो

"गाडी धंद्यासाठीच घेतली" असं आपण म्हणतो, पण कायदा गाडीवर असा एकच शिक्का मारत नाही. आयकर कायद्याचं मूळ तत्त्व असं की, संपूर्णपणे आणि केवळ धंद्यासाठी केलेला खर्च उत्पन्नातून वजा होतो आणि खासगी खर्च होत नाही. १९६१ च्या कायद्यात हे कलम ३७ मध्ये होतं. त्याच कायद्याचं कलम ३८ मालमत्तेच्या मिश्र वापराबद्दल बोलतं : वस्तू पूर्णपणे धंद्यासाठी वापरली जात नसेल तर तिची दुरुस्ती, विमा आणि घसारा यांचा योग्य प्रमाणातला हिस्सा तेवढा मंजूर होईल आणि तो हिस्सा वापर पाहून करनिर्धारण अधिकारी ठरवेल. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू झाला आणि कलमांचे क्रमांक बदलले, पण धंद्याचा खर्च वेगळा आणि घरचा वेगळा, हे तत्त्व कायम आहे.

पुढे दुकान, मागे घर आणि दोन्हींना मिळून विजेचं मीटर एकच, अशी जागा डोळ्यांसमोर आणा. बिल एकच येतं. दुकानदार ते अख्खं दुकानाच्या नावावर टाकू शकत नाही, पण म्हणून त्याचा दुकानापुरता हक्कही जात नाही. प्रश्न फक्त वाटणीचा असतो. दुकानाला वेगळं सबमीटर असेल तर वाटणी आकड्यावर होते, नसेल तर अंदाजावर. गाडीचं सबमीटर म्हणजे किलोमीटरची वही.

हा प्रश्न एकल मालकीत काम करणाऱ्यांनाच मुख्यतः पडतो, कारण मालक आणि धंदा कायद्याच्या नजरेत एकच व्यक्ती असतात. कंपनी ही वेगळी व्यक्ती असते. कंपनीला 'खासगी वापर' असूच शकत नाही, अशी भूमिका गुजरात उच्च न्यायालयाने सयाजी आयर्न अँड इंजिनीअरिंग कंपनीच्या प्रकरणात घेतली होती. एकट्याने काम करणाऱ्याला हा आधार मिळत नाही.

आधी पाहा : तुम्हाला वजावट मागता येते का?

वही सुरू करण्याआधी आपण कोणत्या पद्धतीने कर भरतो ते पाहायला हवं. लहान व्यावसायिकांसाठी अनुमानित उत्पन्नाची योजना आहे. तिच्यात खर्चाचा तपशील द्यावा लागत नाही, जमा रकमेचा ठरावीक टक्का नफा धरला जातो. १९६१ च्या कायद्यात त्यासाठी दोन कलमं होती. कलम ४४एडी धंद्यांसाठी : उलाढाल २ कोटींपर्यंत, आणि रोख जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ३ कोटींपर्यंत. नफा ८ टक्के, आणि बँकेतून किंवा डिजिटल मार्गाने आलेल्या रकमेवर ६ टक्के. कलम ४४एडीए वकील, डॉक्टर, इंजिनीअर, वास्तुविशारद, लेखापाल, तांत्रिक सल्लागार, अंतर्गत सजावटकार अशा व्यावसायिकांसाठी : जमा ५० लाखांपर्यंत, रोख कमी असेल तर ७५ लाखांपर्यंत, आणि नफा ५० टक्के.

या योजनेत सगळे खर्च, घसाऱ्यासकट, आधीच मिळाले असं मानलं जातं. त्यामुळे गाडीचा खर्च पुन्हा वेगळा मागता येत नाही. पण वही अशांनाही उपयोगी पडते. ज्या सल्लागाराचा प्रवास फार आहे, त्याचा खरा खर्च निम्म्या उत्पन्नाहून जास्त असू शकतो. मग अनुमानित योजना परवडते की हिशेबवह्या ठेवून, गरज पडल्यास लेखापरीक्षण करून प्रत्यक्ष नफा दाखवणं परवडतं, हे आकडे हातात असल्याशिवाय कळत नाही.

एक गैरसमजही इथेच दूर करायला हवा. नव्या करप्रणालीत वजावटी नाहीत, म्हणून धंद्याचा खर्चही नाही, असं अनेकांना वाटतं. विम्याचे हप्ते, पीपीएफ अशा, १९६१ च्या कायद्यात कलम ८०सी मध्ये असलेल्या वजावटी तिथे मिळत नाहीत हे खरं. पण धंद्याचा नफा काढताना पेट्रोल, दुरुस्ती आणि नेहमीचा घसारा दोन्ही प्रणालींत वजा होतो.

टक्का कसा निघतो

भारतात स्वतंत्र व्यावसायिकाला 'किलोमीटरला इतके रुपये' असा सरकारी ठोक दर नाही. इथे प्रत्यक्ष खर्च मोजायचा आणि त्याला धंद्याच्या वापराचा टक्का लावायचा. आकडे मानून पाहू.

१ एप्रिलला ओडोमीटरवर ४२,३०० आणि पुढच्या ३१ मार्चला ६०,३०० असं रीडिंग आहे. वर्षाचं रनिंग १८,००० किलोमीटर. वहीतल्या धंद्याच्या फेऱ्यांची बेरीज १२,६००. टक्का निघाला ७०.

आता वर्षाचा खर्च मांडू. पेट्रोल १,२६,०००. सर्व्हिसिंग आणि दुरुस्ती २८,०००. टायर २२,०००. विमा १८,०००. गाडीच्या कर्जाचं व्याज ४०,०००. राहिला घसारा, म्हणजे गाडीची किंमत वर्षागणिक उतरते त्याचा हिशेब. भाड्याने न चालवलेल्या साध्या मोटारीला तो शिल्लक किमतीवर १५ टक्के मिळतो. शिल्लक किंमत ६ लाख असेल तर घसारा ९०,०००. (गाडी घेतली त्या वर्षी ती १८० दिवसांपेक्षा कमी वापरली असेल तर घसारा निम्म्या दराने मिळतो.) एकूण ३,२४,००० रुपये. त्याचे ७० टक्के, म्हणजे २,२६,८०० रुपये नफ्यातून वजा होतील.

साईटवर जाताना भरलेला टोल आणि तिथलं पार्किंग या ७० टक्क्यांत घालू नये. ते त्या फेरीचेच असल्याने पूर्ण मिळतात. कुटुंबासोबतच्या सहलीचा टोल मात्र पूर्ण वगळायचा. कर्जाच्या बाबतीत फक्त व्याज धरायचं. हप्त्यातली मुद्दल हा खर्च नाही, कारण गाडीची किंमत घसाऱ्यातून आधीच मिळते आहे.

वही नसली तर? अधिकारी अंदाज करतो. पाचवा हिस्सा खासगी, चौथा हिस्सा खासगी, कधी त्याहून जास्त. अशी ठोक कपात झालेली प्रकरणं आयकर अपील न्यायाधिकरणापर्यंत वर्षानुवर्षं जात आली आहेत. वरच्या उदाहरणात अधिकाऱ्याने निम्माच वापर धंद्याचा मानला तर वजावट १,६२,००० वर येते, म्हणजे ६४,८०० रुपयांनी कमी. २० टक्क्यांच्या टप्प्यात असलेल्याला, ४ टक्के उपकर धरून, यामुळे सुमारे १३,५०० रुपये कर जास्त पडतो. पैशांइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे, त्या अंदाजाला उत्तर द्यायला हातात काहीच नसतं.

वहीचं एक पान

वहीत काय लिहायचं याचा नमुना आयकर नियमांतच सापडतो. १९६२ च्या नियमांमधला नियम ३ पगारदारांना मिळणाऱ्या कंपनीच्या गाडीबद्दल होता. कामासाठीचा वापर करमुक्त मानायचा असेल तर प्रवासाची तारीख, ठिकाण, अंतर आणि खर्च यांची नोंद ठेवा, असं तो मालकाला सांगत होता. स्वतंत्र व्यावसायिकासाठी हा नियम नव्हता, पण अधिकाऱ्याला काय पाहायचं असतं ते यातून स्पष्ट होतं. त्यात फेरीचं कारण जोडलं की वही पूर्ण होते.

| तारीख | कुठून – कुठे | कशासाठी | सुरुवात | शेवट | किमी |
|---|---|---|---|---|---|
| ४ एप्रिल | ऑफिस – चाकण – ऑफिस | पॅनेल बसवण्याआधी मोजमाप | ४२,३१८ | ४२,४०० | ८२ |
| ७ एप्रिल | ऑफिस – बुधवार पेठ – ऑफिस | केबल आणि एमसीबी खरेदी | ४२,४५५ | ४२,४६९ | १४ |
| ९ एप्रिल | ऑफिस – शिरवळ – ऑफिस | चाचणी, ग्राहकाची सही | ४२,५०१ | ४२,६०३ | १०२ |

पहिल्या फेरीचा शेवट ४२,४०० वर झाला आणि दुसरी ४२,४५५ वर सुरू झाली. मधले ५५ किलोमीटर खासगी. ते लिहायची गरज पडली नाही, आपोआप बाजूला पडले. म्हणूनच रोज प्रत्येक हालचाल टिपायची नसते. फक्त धंद्याची फेरी लिहायची आणि वर्षाच्या पहिल्या व शेवटच्या दिवशी ओडोमीटरचा फोटो काढून ठेवायचा. उरलेला आकडा घरचा.

'कशासाठी' हा रकाना सगळ्यात मोलाचा. "साईट व्हिजिट" असं प्रत्येक ओळीत लिहिलेली वही फारसं काही सांगत नाही. ग्राहकाचं नाव, काम किंवा वर्क ऑर्डरचा क्रमांक लिहिला की ती ओळ त्या महिन्याच्या बिलाशी जोडली जाते. मोबाइलमधलं जीपीएसवर चालणारं ॲप अंतर अचूक मोजतं, पण आपण तिथे का गेलो हे त्याला कळत नाही. तो शब्द आपल्यालाच घालावा लागतो.

घरून निघालो तर?

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. घरून ऑफिसला जाणं हा धंद्याचा प्रवास आहे का? आणि घरून थेट साईटवर जाणं? यामागचा विचार समजून घ्यायला दोन जुने ब्रिटिश खटले मदत करतात.

१९५२ चा न्यूसम विरुद्ध रॉबर्टसन हा खटला एका बॅरिस्टरचा. घर व्हिपस्नेडला, चेंबर लंडनच्या लिंकन्स इनमध्ये. ते घरीही खटल्यांचा अभ्यास करायचे, म्हणून येण्याजाण्याचा खर्च मिळावा असं त्यांचं म्हणणं होतं. अपील न्यायालयाने ते मानलं नाही. धंद्याचं ठाणं लंडनमध्ये होतं, आणि लांब राहणं ही त्यांची खासगी निवड होती.

१९७१ चा हॉर्टन विरुद्ध यंग हा खटला वीटकाम करणाऱ्या एका उपकंत्राटदाराचा. तो ईस्टबर्नला राहायचा. साईट सतत बदलायच्या. हत्यारं घरी असायची आणि हिशेबही घरूनच चालायचे. इथे न्यायालयाने घर ते साईट हा प्रवास धंद्याचा मानला, कारण त्याच्या धंद्याचं ठाणं घर हेच होतं आणि साईट ही फक्त कामापुरती जागा होती.

हे निकाल ब्रिटनच्या कायद्यावरचे आहेत. पण त्यांनी विचारलेला प्रश्न आपल्यालाही लागू पडतो : धंद्याचं ठाणं कुठे आहे? वेगळं ऑफिस किंवा गाळा असेल तर घर ते गाळा हा प्रवास खासगी धरावा, गाळा ते साईट धंद्याचा. घरूनच काम चालत असेल, उद्यम किंवा जीएसटी नोंदणी घरच्या पत्त्यावर असेल, अवजारं आणि कागदपत्रं घरी असतील, तर घर ते साईट हा प्रवास धंद्याचा धरायला भक्कम आधार मिळतो. वहीच्या पहिल्या पानावर हे ठाणं लिहून ठेवावं आणि ते सीएंकडून एकदा तपासून घ्यावं.

मिश्र फेरीची वाटणीही याच तर्काने होते. पुण्याहून साताऱ्याला साईटवर गेलात आणि काम संपल्यावर कुटुंबासह कासला गेलात. पुणे–सातारा जाऊन-येऊन धंद्याचं, सातारा–कास आणि परत खासगी. पण मूळ बेतच कासचा असेल आणि वाटेत पाच मिनिटं ग्राहकाला भेटलात, तर ती फेरी धंद्याची होत नाही. फेरी मुळात कशासाठी काढली, हाच प्रश्न निर्णायक.

नोंद खरी, हे कशावरून?

वही आपणच लिहिलेली असते. मग तिच्यावर विश्वास का ठेवावा? उत्तर 'नियमितपणा' या गुणात आहे. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम ३४ ने धंद्याच्या ओघात नियमित ठेवलेल्या हिशेबाच्या नोंदींना पुराव्यात स्थान दिलं होतं, आणि तेच तत्त्व २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आलं आहे. आयकराच्या कामकाजाला पुराव्याचे काटेकोर नियम लागत नाहीत, पण विचार तोच चालतो. त्या त्या दिवशी लिहिलेली ओळ आणि मार्चअखेरीस एका बैठकीत भरलेली वही, यांत अनुभवी डोळ्याला फरक दिसतो.

शिवाय वहीला बाहेरचे साक्षीदार असतात. सर्व्हिस सेंटरच्या जॉब कार्डवर तारीख आणि ओडोमीटरचं रीडिंग असतं. फास्टॅगच्या स्टेटमेंटमध्ये टोलनाका आणि वेळ असते. ग्राहकाचं बिल, मोजमापाचा कागद, ईमेल, पुरवठादाराचं चलन यांवर तारखा असतात. आणि इंधनाचा ताळा तर साधा भागाकार आहे : वर्षात १,२०० लिटर पेट्रोल आणि गाडीचं ॲव्हरेज १५, तर रनिंग १८,००० च्या आसपास यायला हवं. वहीत त्याहून फार जास्त असेल तर काहीतरी चुकतं आहे. हे साक्षीदार खरं लिहिणाऱ्याच्या बाजूने उभे राहतात आणि फुगवून लिहिणाऱ्याच्या विरोधात. म्हणून टक्का ५५ निघाला तर ५५ च लिहावा. त्यातच वहीचं बळ आहे.

कागदांची काळजीही घ्यायला हवी. पंपावरच्या पावतीची शाई काही महिन्यांत उडते, तिचा फोटो त्याच दिवशी काढावा. गॅरेजचं मोठं बिल रोखीने देऊ नये, कारण एका दिवसात एकाच व्यक्तीला १०,००० रुपयांवर रोख दिले तर तो खर्च नामंजूर होतो. साध्या प्रवासी मोटारीवर, तिच्या विम्यावर आणि दुरुस्तीवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट कंत्राटदाराला सहसा मिळत नाही, त्यामुळे तो कर खर्चात धरला जातो. पेट्रोल-डिझेल तर जीएसटीच्या बाहेरच आहे. व्यावसायिकांनी हिशेबवह्या संबंधित करनिर्धारण वर्षाच्या अखेरीपासून सहा वर्षं जपाव्यात, असं १९६२ च्या नियमांनी सांगितलं होतं. किलोमीटरची वही त्यांच्याच सोबत ठेवावी.

इतर देशांत काय चालतं

ब्रिटनमध्ये एकल व्यावसायिक ठोक दर निवडू शकतो. एप्रिल २०११ मध्ये मोटारीचा हा दर ४० वरून ४५ पेन्स झाला. तो वर्षातल्या पहिल्या १०,००० मैलांना, पुढच्या मैलांना २५ पेन्स. दर एकदा घेतला की त्या गाडीसाठी तोच चालू ठेवावा लागतो. अमेरिकेत २०२५ साठी हा दर मैलाला ७० सेंट होता, आणि तारीख, ठिकाण, अंतर व धंद्याचं कारण यांची नोंद कायद्यानेच लागते. ऑस्ट्रेलियात सलग १२ आठवडे वही ठेवली की त्यातून निघालेला टक्का वापरात मोठा बदल झाला नाही तर पाच वर्षं चालतो.

दर वेगळे, रीत वेगळी, पण वहीवाचून कुठेच सुटका नाही. ऑस्ट्रेलियासारखी नमुन्याची सोय आपल्याकडे नसल्याने आपली वही वर्षभराची हवी.

> थोडक्यात
> • पावती खर्चाची रक्कम सांगते, वही खर्चाचं कारण. दोन्ही लागतात.
> • १ एप्रिल आणि ३१ मार्चला ओडोमीटरचा फोटो.
> • प्रत्येक धंद्याची फेरी त्याच दिवशी : तारीख, ठिकाण, कारण, दोन रीडिंग.
> • धंद्याचे किमी ÷ एकूण किमी = टक्का. तो सगळ्या सामाईक खर्चाला लावा. धंद्याचा टोल आणि पार्किंग वेगळं, पूर्ण.
> • धंद्याचं ठाणं कुठे, हे पहिल्या पानावर लिहा.
> • अनुमानित योजनेत असाल तर वेगळी वजावट नाही, पण वही तरीही ठेवा.

किलोमीटरचा खरा दर

या वहीचा सगळ्यात मोठा फायदा कराबाहेरचा आहे. वरच्या उदाहरणात ३,२४,००० रुपये आणि १८,००० किलोमीटर, म्हणजे किलोमीटरला १८ रुपये. त्यातलं पेट्रोल फक्त ७ रुपये. कोटेशन देताना बहुतेक जण मनात पेट्रोलच धरतात, कारण पंपावर पैसे रोज जाताना दिसतात. टायर, विमा, व्याज आणि गाडीची उतरणारी किंमत रोज दिसत नाही.

३५ किलोमीटरवरच्या साईटची एक फेरी ७० किलोमीटरची होते. पेट्रोलच्या हिशेबाने ती ४९० रुपयांना पडते, खऱ्या हिशेबाने १,२६० ला. अशा दहा फेऱ्या लागणाऱ्या कामात ७,७०० रुपयांचा फरक पडतो आणि तो कंत्राटदाराच्या मेहनतान्यातून जातो. ग्राहक प्रवासखर्च वेगळा देणार असेल, तर किलोमीटरला किती मागायचे हेही याच आकड्यावरून ठरतं. (ती रक्कम आपल्या जमेत दाखवायची आणि समोर खर्च धरायचा. जमा लपवून खर्च तेवढा मागणं चूक आहे.)

लहान कंत्राटदार कष्टाने कमी पडत नाही. तो कमी पडतो तो आपल्या कामाची खरी किंमत ठाऊक नसल्यामुळे. दिवसाला दोन ओळी लिहिल्या की वर्षाअखेरीस त्याला कर अधिकाऱ्यापुढे उभं राहायला पुरावा मिळतो आणि ग्राहकापुढे बसताना आपला दर ठामपणे सांगायला आधार मिळतो. ग्लोव्ह बॉक्समध्ये एक वही आणि एक पेन ठेवा आणि पुढच्या फेरीपासूनच लिहायला लागा.